पवनचक्की दिसली की ती वाचायची कशी

पवनचक्की बघायला गेलं की बहुतेक जण काय करतात, लांबून दोनचार फोटो काढतात, पंखे फिरताना बघून खूश होतात आणि निघतात. मला फार वाईट वाटतं त्याचं, कारण खरी गंमत तिथेच राहून जाते. पवनचक्की वाचता येते, आणि त्यासाठी इंजिनीअर असायची काही गरज नाही, दोन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या बस. ही वाऱ्याकडे तोंड कसं करते? आणि वारा जास्त झाला की स्वतःला आवरते कशी? वारा पकडणं त्यामानाने सोपं आहे, आवरणं महाकठीण, आणि पवनचक्कीचा हजारेक वर्षांचा इतिहास म्हणजे मुख्यतः या आवरण्याचाच इतिहास आहे.

तर आधी तोंड बघा. वारा वाहील तशी पाठ द्यावी अशी आपली म्हण, पवनचक्कीचं बरोबर उलटं, वारा फिरला की तिला तोंड फिरवावं लागतं. अपवाद एकच, सगळ्यात जुन्या चक्क्या, इराणच्या पूर्वेकडच्या. नश्तिफान गावात अशा चक्क्यांची अख्खी रांग अजून उभी आहे. तिथे आस, म्हणजे पाती ज्याभोवती फिरतात तो दांडा, उभी असते, लाकडी पाती उभ्या दारांसारखी भिंतींच्या मधे फिरतात आणि अर्धी बाजू भिंतीने झाकलेली, म्हणजे वारा एकाच बाजूला ढकलतो. त्या भागात मोसमात वारा महिनोन्‌महिने एकाच दिशेने येतो, मग तोंड फिरवायची भानगडच नाही.

युरोपात १२व्या शतकात आडव्या आसाची चक्की आली तिथे मात्र वारा कुठूनही येणार. मग त्यांनी काय केलं, अख्खी चक्की, दगडं, धान्य, चक्कीवाला सगळ्यासकट, एका जाड लाकडी खांबावर बसवली आणि मागून लांब दांडा धरून ती ढकलून फिरवायची! म्हणजे खाली एकच खांब आणि वर लाकडी खोकं दिसलं तर हा जुना प्रकार. खाली विटांचा किंवा दगडाचा पक्का मनोरा आणि फक्त वरची टोपी फिरणारी असेल तर नंतरचा. टोपीच्या मागे छोटा पंखा मोठ्या पंख्यांना आडवा लावलेला दिसला तर अजून नंतरचा, १७४५ मध्ये इंग्लंडच्या एडमंड लीने पेटंट घेतलेली ती युक्ती, वारा फिरला की तो छोटा पंखा फिरतो आणि दात्यांच्या चाकावरून टोपी आपोआप वळवतो, माणूस झोपला तरी चालतं.

स्पेनच्या ला मांचात गेलात तर वरच्या मजल्यावर गोल फिरून छोट्या छोट्या खिडक्या मोजा, बारा असतात. त्या हवेसाठी किंवा उजेडासाठी नाहीत. चक्कीवाला आतून बघायचा की कुठल्या खिडकीतून वारा आत येतोय, प्रत्येक दिशेच्या वाऱ्याला वेगळं नाव, आणि त्यावरून ठरवायचा टोपी किती वळवायची. हे कळल्यापासून मला त्या खिडक्या सोडून दुसरं काही दिसतच नाही.

आता आत जा, मिळालं तर नक्की जा, पण फिरत्या पंख्यांच्या बाजूने कधीच नाही, जुन्या चक्क्यांचे पंखे पार जमिनीजवळून जातात. आत गेल्यावर सगळ्यात आधी लाकडी दाते बघा. दोन चाकांचे दाते मोजलेत तर बरेचदा एका चाकाला एक दाता मुद्दाम जास्त असतो, म्हणजे तोच दाता त्याच दात्याला सारखा सारखा घासत नाही, सगळे सारखे झिजतात. मग दगडाच्या वर धान्याचं चाडं, म्हणजे धान्य ओतायचं भांडं असतं, त्यात एक पट्टा धान्याच्या वजनाखाली दाबलेला आणि त्याच्या दोरीला घंटी. धान्य संपत आलं की पट्टा सैल पडतो आणि घंटी वाजते. घंटी कशाला तर रिकामी दगडं एकमेकांवर घासली की ठिणग्या उडतात, आणि लाकडाच्या इमारतीत पिठाची धूळ असताना ठिणगी म्हणजे काय ते सांगायला नको. वारा वाढला की दगड जोरात फिरतो, पीठ गरम होतं, म्हणून चक्कीवाला सारखं पीठ अंगठा आणि बोटात चोळून बघायचा आणि दोन दगडांमधलं अंतर कमीजास्त करायचा. पुढे हे काम दोन फिरत्या गोळ्यांच्या यंत्राकडे गेलं, आणि तेच यंत्र जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला लावलं. आवरायची विद्या चक्कीकडून इंजिनाकडे गेली, हे कितीजणांना माहीत असतं?

चक्की बंद असेल तरी निराश होऊ नका, नेदरलँड्समध्ये बंद चक्कीच जास्त बोलते. पंखे उभ्या अधिक चिन्हासारखे थांबवले असतील तर थोडा वेळच काम बंद, गुणाकाराच्या फुलीसारखे असतील तर बरेच दिवस. तिथल्या चक्क्या समोरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतात, त्यामुळे एक पंखा सगळ्यात वर पोचायच्या जरा आधी थांबवला असेल तर आनंदाची बातमी, वर जाऊन जरा पुढे गेलेला असेल तर चक्कीवाल्याच्या घरात दुःख. तिथल्याच किंडरडाइक गावात १९ चक्क्या आहेत, बहुतेक १७४० च्या आसपासच्या, पण त्या पीठ दळायला नाहीत, समुद्रसपाटीपेक्षा खाली असलेल्या जमिनीतलं पाणी उपसायला. म्हणून चक्की म्हणजे पीठच असं धरून चालू नका, आधी पायथ्याशी पाणी आहे का बघा.

पुस्तकात चक्की आली की पण हेच दोन प्रश्न विचारा, आणि तिसरा एक, चक्की कोणाची? सर्व्हांतेसच्या १६०५ च्या डॉन किहोते या कादंबरीत नायक तीसचाळीस चक्क्यांना राक्षस समजून भाला घेऊन धावतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण नीट वाचा, आधी जरासा वारा सुटतो, पंखे हलायला लागतात, आणि भाला लागल्यावर वारा पंखा इतक्या जोरात फिरवतो की भाल्याचे तुकडे होतात आणि घोडा आणि स्वार दोघं लांब फेकले जातात. सर्व्हांतेसला चक्कीची ताकद चांगली माहीत होती. ऑर्वेलच्या ॲनिमल फार्म या कादंबरीत शेतावरचे प्राणी विजेसाठी चक्की बांधतात, पहिली वादळात पडते कारण भिंती पातळ, आणि शेवटी उभी राहते तेव्हा वीज नाहीच, धान्य दळून पैसे कमवायला वापरतात. कोणाची चक्की हा प्रश्न तिथे फार बोचतो. आणि तो काल्पनिक नाही. ११९१ मध्ये इंग्लंडमध्ये बरी सेंट एडमंड्सला हर्बर्ट नावाच्या धर्मगुरूने स्वतःची पवनचक्की बांधली, तर मठाधिपती सॅमसन भडकला, कारण दळणाचा हक्क मठाचा. हर्बर्ट म्हणाला वारा तर सगळ्यांना फुकट आहे. चक्की पाडावीच लागली.

आता नव्या टर्बाईनकडे, म्हणजे वीज बनवणाऱ्या पवनचक्कीकडे या. १८८८ मध्ये चार्ल्स ब्रशने अमेरिकेत क्लीव्हलँडला घरामागे वीज बनवणारी चक्की उभारली, १७ मीटरचं चाक आणि १४४ पाती, आणि वीज फक्त १२ किलोवॉट. पुढे डेन्मार्कच्या पाउल ला कूरने प्रयोग करून दाखवलं की पाती कमी आणि वेगवान हवीत. म्हणून आज तीन. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते, आणि त्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्केच काढता येते, हे बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचं गणित, कितीही भारी मशीन आणा.

बंद टर्बाईन दिसली की लगेच बिघडली म्हणू नका, पात्यांची कड बघा. साधारण सेकंदाला ३-४ मीटरच्या खाली वारा असला तर ती चालतच नाही, आणि २५ च्या आसपास गेला की पाती वळवून पातळ कड वाऱ्याकडे करून स्वतःच थांबते. हे तेच जुनं आवरणं, फक्त जुना चक्कीवाला पंख्यांवरचं शिडाचं कापड गुंडाळायचा, त्याऐवजी इथे मोटर. फिरत असेल तर मोबाईलवर एका फेरीचे सेकंद मोजा. चाकाचा व्यास १०० मीटर धरला तर टोक एका फेरीत ३१४ मीटर जातं, फेरीला ४ सेकंद लागले तर टोकाचा वेग ताशी २८० किलोमीटरच्या वर. लांबून किती निवांत वाटते!

आणि रांगेत असतील तर मागची टर्बाईन पुढचीपेक्षा हळू फिरतेय का बघा, पुढचीने वारा खाल्लेला असतो, म्हणून तर एकमेकींपासून इतक्या लांब लावतात. नेदरलँड्समध्ये जुन्या चक्कीभोवती उंच घर किंवा झाडं येऊ नयेत म्हणून अजूनही नियम आहेत, हर्बर्टने सांगितलेला फुकट वारा, पण वाटेत कोणी उभं राहिलं की संपला.