बुडबुडा आधी कुठे धरतो, ते घरी बघा

इंदूरला रामबागेत आमच्याकडे भाचा आला की एक प्रश्न हमखास आणतो. परवाचा होता: "मामा, पाणी न तापवता वाफ कशी होते?" म्हटलं, पुस्तक मीट, मेडिकलमधून 20 मिलीची सिरिंज आण. सुई नको.

पाचेक मिली पाणी ओढा, तोंड वर धरून हवा काढा, भोकावर बोट घट्ट दाबा आणि दट्ट्या जोरात मागे खेचा. आतला दाब उतरतो, आणि तो पुरेसा उतरला की पाण्याची न तापवताच वाफ होते. नीट बघा: बुडबुडे बहुतेक रबराच्या कडेला नाहीतर एखाद्या ओरखड्यावर धरतात. आता पाणी दहा मिनिटं उकळा, झाकून गार होऊ द्या, पुन्हा खेचा. बुडबुडे कमी होतात, कारण आधीचे बरेचसे विरघळलेल्या हवेचेच होते. पाणी सहजासहजी फाटत नाही. कुठेतरी धुळीच्या कणाच्या खाचेत अडकलेली हवा लागते, तिथूनच सुरुवात.

वाहत्या पाण्यात हा दट्ट्या खेचायचं काम वेग करतो: वेग वाढला की दाब उतरतो. बुडालेल्या गोळ्याच्या नाकावर, म्हणजे पाणी समोरून आदळतं तिथे, दाब सगळ्यात जास्त असतो (इथेच पोरं चुकतात) आणि बाजूला, जिथे पाणी दीडपट वेगाने पळतं, तिथे सगळ्यात कमी. हिशेब मांडा. इंदूर साधारण 550 मीटर उंचीवर, म्हणून हवेचा दाब 95 किलोपास्कलच्या आसपास. एक मीटर खोलीचे 10 मिळवा, 30 अंशांवरचा बाष्पदाब (दाब इतका उतरला की पाण्याची वाफ होते) 4.2 वजा करा. उरले सुमारे 100. गोळ्याच्या बाजूला दाब गतिज दाबाच्या (अर्धी घनता गुणिले वेगाचा वर्ग) 1.25 पट उतरतो, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर वेगाला बुडबुडे यायला हवेत. आडव्या दांड्याला हाच आकडा 3, म्हणून आठ मीटरच पुरतात.

हे कागदावर. लॅबमध्ये मी एकदा पारदर्शक पाइपात पितळी दांडी आडवी बसवली, तर आठच्या कितीतरी आधी वाळू चाळल्यासारखा आवाज सुरू! दांडीने वाट अरुंद होऊन पाण्याचा वेग वाढला होता, तो मी धरलाच नव्हता. शिवाय बुडबुडे दांडीवर नव्हतेच, मागे सुटणाऱ्या भोवऱ्यांच्या पोटात होते. तिथे दाब आणखी उतरतो. दांडीच्या कडेला कानसायची राहिलेली बारीक कूसही निघाली. तिने मदतच केली असणार.

म्हणून आधी कान लावा, मग टॉर्च. बुडबुडे दिसले की व्हॉल्व्ह हळूहळू आवळून वेग उतरवा आणि ते पूर्ण विझतात तो आकडाही लिहा. उगवण्याचा आकडा पाणी बदललं की हलतो, विझण्याचा बहुधा जागेवर राहतो. वहीत दोन्ही हवेत.