बकऱ्याच्या डिस्कमधल्या पेशी अल्जिनेटच्या मण्यांत कशा वाढवायच्या

दोन मणक्यांमधली गादी म्हणजे डिस्क. झिजलेल्या डिस्कमध्ये जेल आणि जिवंत पेशी भरून ती पुन्हा उभी करता येईल का, यावर मुंबईत परळच्या आमच्या प्रयोगशाळेत काम चालतं. एम.एस्सी.ची नवी मुलं आली की मी त्यांना सगळ्यात आधी अल्जिनेटचे, म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या जेलचे, मणी करायला शिकवते.

सुरुवात देवनारच्या कत्तलखान्यात. खाटकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा: कमरेचा कणा सबंध हवा, मणक्यांवर सुरा नको. ससा किंवा डुक्कर घेत नाही, कारण त्यांच्या डिस्कमध्ये गर्भावस्थेतल्या नोटोकॉर्डल पेशी मोठेपणीही टिकतात. बकऱ्यात त्या माणसासारख्याच नाहीशा होतात. कणा दोन पिशव्यांत गुंडाळा, बर्फ थेट लागू देऊ नका. सायनला गाडी अडकते, पावसाळ्यात तर हमखास, तेव्हा बर्फ जास्तच घ्या.

हूडमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटात, मांस खरवडून काढा, सत्तर टक्के अल्कोहोलने पुसा आणि डिस्क आडवी कापा. कडेची चिवट पांढरी वलयं म्हणजे अ‍ॅन्युलस, मधला ओलसर गर म्हणजे न्यूक्लियस. फक्त गर घ्या. वलयाचा धागा आला तर सोडून द्या, लोभ करू नका. गर बारीक चिरून तासभर प्रोनेजमध्ये आणि मग रात्रभर कोलॅजिनेजमध्ये ३७ अंशांवर ठेवा; ही एन्झाइमं गर विरघळवून पेशी मोकळ्या करतात. सकाळी गाळा, मेलेल्या पेशी निळ्या करणारा ट्रायपॅन ब्लू घालून जिवंत पेशी मोजा. पेशी फार थोड्या निघतात, म्हणून कमरेच्या सगळ्या डिस्कचा गर एकत्रच करायचा.

१.२ टक्के अल्जिनेट ०.१५ मोलर मिठाच्या पाण्यात विरघळवून गाळून ठेवलेलं असावं. त्यात मिलिलिटरला ४० लाख पेशी मिसळा. माणसाच्या गरातही घन मिलिमीटरला साधारण ४,००० पेशी असतात, तेच हे प्रमाण. २२ गेजच्या सुईतून थेंब थेंब १०२ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडा. दहा मिनिटांत मणी घट्ट होतात. धुवायला साधं सलाइन वापरा, पीबीएस (फॉस्फेट घातलेलं सलाइन) अजिबात नको: त्यातला फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतो आणि मणी मऊ पडतात.

सपाट प्लास्टिकवर या पेशी पसरतात आणि हळूहळू गराला न शोभणारं पहिल्या प्रकारचं कोलॅजन (धाग्यांचं प्रथिन) बनवू लागतात. मण्यात त्या गोल राहतात. दुसऱ्या प्रकारचं कोलॅजन आणि पाणी धरून ठेवणारं अ‍ॅग्रेकन बनवत राहतात.

आता माझा आग्रहाचा मुद्दा. प्रौढ माणसाच्या डिस्कच्या गरात रक्तवाहिन्या नसतात. साखर, प्राणवायू जे काही मिळतं ते मणक्याला चिकटलेल्या कूर्चेच्या पातळ थरातून झिरपून. म्हणून लिटरला ४.५ ग्रॅम ग्लुकोजचं माध्यम (पेशींचं पोषक द्रावण) आणि बाहेरच्या हवेतला २१ टक्के प्राणवायू वापरून तुमचं जेल पास झालं, तर मी ते पास मानत नाही. १ ग्रॅम ग्लुकोज, ५ टक्के प्राणवायू, आणि एक संच पीएच ६.८ वर, कारण झिजलेली डिस्क आम्लधर्मी होते. जास्त पेशी घातल्या की जास्त दुरुस्ती, असंही नाही. दुष्काळी गावात पाहुणे वाढवल्यासारखं होतं ते. जेलची निवड करताना ही उपासमार आधी विचारात घ्या.

नातेवाईक विचारतात, डिस्कमध्ये पेशी भरायचं हे इंजेक्शन मिळतं का? मेसोब्लास्ट या कंपनीच्या ४०४ रुग्णांच्या चाचणीत दात्याच्या अस्थिमज्जेतल्या पेशी दिल्या होत्या, काहींना हायलुरोनिक आम्लासोबत. २०२१मध्ये जाहीर झालेल्या निकालात मुख्य उद्दिष्टं गाठली गेली नाहीत. भारतात आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा पेशी मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. कुणी पैसे मागत असेल तर घरच्यांना थांबवा. आणि आपलं अल्जिनेट विरघळवणारं एन्झाइम माणसाच्या शरीरात नाही, तेव्हा ते प्रयोगशाळेपुरतं चांगलं.

एकविसाव्या दिवशी मणी ५५ मिलिमोलर सोडियम सायट्रेटमध्ये विरघळवा. डीएमएमबी या रंगाने ग्लायकोसअमिनोग्लायकन (अ‍ॅग्रेकनमधल्या साखरेच्या साखळ्या) मोजा आणि आकडा डीएनएच्या प्रमाणात मांडा. अल्जिनेट स्वतःच त्या रंगाशी जुळतं आणि आकडा फुगवतं, म्हणून पहिल्याच दिवशी त्याच बॅचचे बिनपेशींचे मणी वेगळे करून तितकेच दिवस त्याच माध्यमात ठेवा, आणि त्यांचा आकडा वजा करा.