टीएमटीला जाण्याआधी: नागपूरकरांसाठी तयारीची यादी

डॉक्टरांनी चिठ्ठीवर टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासायची चाचणी, लिहून दिली की लोक फोन करून विचारतात, किती वाजता यायचं आणि किती पैसे लागतील. टीएमटीच्या खोलीत रोज काम करणारा माणूस म्हणून माझं सांगणं असं, की त्याच फोनवर गोळ्यांचंही विचारून घ्या. चाचणीच्या सकाळी ते विचारून उपयोग नसतो, कारण काही गोळ्या डॉक्टर एक-दोन दिवस आधीपासून थांबवायला सांगतात. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल या बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या हृदयाचे ठोके फारसे वाढू देत नाहीत. आम्हाला तर वाढलेल्या ठोक्यांवर हृदय कसं चालतं तेच बघायचं असतं. २२० मधून वय वजा करायचं आणि येईल त्याचे ८५ टक्के काढायचे. म्हणजे ५५ वर्षांच्या माणसाचे ठोके मिनिटाला साधारण १४० पर्यंत जायला हवेत. गोळी घेऊन आलेला माणूस पुष्कळदा दमून थांबतो, पण ठोके तिथवर पोचतच नाहीत, आणि मग त्या रिपोर्टवरून ठाम काही सांगता येत नाही.

पण म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका, हे अगदी हात जोडून सांगतो. बीटा ब्लॉकर एकदम सोडला तर बीपी उसळतं, छातीतलं दुखणं वाढू शकतं. शिवाय अँजिओप्लास्टी झालेल्या काहींची चाचणी डॉक्टरांना मुद्दाम गोळी चालू ठेवूनच हवी असते, औषध किती काम करतंय ते कळावं म्हणून. ज्यांनी चाचणी लिहिली त्यांनाच विचारा आणि कोणती गोळी कधी घ्यायची, कधी नाही, ते चिठ्ठीवर लिहून घ्या. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेत असाल तर तेही याच वेळी विचारा. गोळी घेऊन नाश्ता टाळला आणि पट्ट्यावर चढलात, तर शुगर उतरून चक्कर येते.

फाइल आदल्या रात्रीच भरून ठेवा. जुना ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटं. नावं पाठ नसली तर पाकिटंच पिशवीत टाका. जुना ईसीजी नक्की शोधा. त्यात लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूला विजेचा संदेश नीट न पोचणं) असेल तर साध्या टीएमटीतून रक्तवाहिन्यांतल्या ब्लॉकेजबद्दल काही कळत नाही, डॉक्टरांना दुसरी तपासणी निवडावी लागते. हे घरी बसल्या समजलेलं बरं.

सकाळचं खाणं हलकं आणि चाचणीच्या दोन-तीन तास आधी. दोन पोळ्या किंवा थोडा उपमा पुरे. तर्री-पोहे त्या दिवशी नको, भरल्या पोटी चढावर चालताना मळमळतं आणि ती जळजळ छातीची की पोटाची हे तुम्हालाही सांगता येत नाही. चहा-कॉफी आदल्या दिवसापासूनच बंद ठेवा. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, मात्र अजिबात नाही. विडी-सिगारेट सोडणारे लोकही खिशात खर्र्याची पुडी ठेवतात आणि तो तंबाखूत धरत नाहीत. निकोटिनने ठोके आणि बीपी आधीच चढलेलं असतं, मग बसलेल्या अवस्थेतला आमचा पहिला आकडाच चुकतो. त्या दिवशी सकाळी अंबाझरीला जोरात फिरायलाही जाऊ नका, पायातली ताकद पट्ट्यासाठी ठेवा.

कपड्यांचं लोक मनावर घेत नाहीत. चप्पल, सँडल चालत नाहीत, सवयीचे बूट आणि मोजे हवेत, नवे कोरे नकोत. बायकांनी साडीऐवजी सैल सलवार किंवा ट्रॅक पँट आणि पुढून उघडणारा कुर्ता घालावा. बाई कर्मचारी हवी असेल तर वेळ घेतानाच सांगा, संकोच करू नका. अंघोळ करून या, पण छातीला तेल, पावडर, क्रीम लावू नका. आम्ही छातीवरची जागा स्पिरिटच्या कापसाने घासतो, पुरुषांचे केस असतील तर तिथले काढतो आणि दहा चिकट पट्ट्या लावतो. त्वचा तेलकट असली की घाम येताच पट्टी सुटते, पडद्यावरची रेघ थरथरते आणि नेमक्या हव्या त्या मिनिटाचा ईसीजी वाया जातो.

मे महिन्यात सकाळची वेळ मागा. पंचेचाळीस अंशांच्या उन्हातून स्कूटरवर आलेल्या माणसाचे ठोके बसल्या जागीही वाढलेले असतात. पाणी पीत या, डोक्याला दुपट्टा बांधून या. धंतोलीतल्या दवाखान्यांजवळ गाडी लावायला जागा मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. मेट्रोने काँग्रेस नगरला उतरलात तर तो त्रास वाचतो. घरचं कोणीतरी सोबत असू द्या.

पट्ट्यावर चढण्याआधी सगळं सांगून टाका. गेल्या दोन-चार दिवसांत छातीत दुखलं का, बसल्या बसल्या दुखलं का, जिना चढताना अंधारी आली का, ताप आहे का, गुडघा दुखतो का, दमा आहे का. बसल्या जागी दुखत असेल तर ही चाचणी त्या दिवशी करायचीच नसते, थेट डॉक्टरांकडे जायचं असतं. जवळपास सगळीकडे ब्रूस पद्धत वापरतात. सुरुवात ताशी २.७ किलोमीटरने, पण १० टक्के चढावर. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात, तिसऱ्या टप्प्यात वेग साडेपाचच्या आसपास आणि चढ १४ टक्के होतो. दांडीला लोंबकळू नका, बोटं नुसती टेकवा. दांडीवर भार दिला की चालण्याची ताकद आहे त्यापेक्षा जास्त दिसते. छाती दाबली, जबडा किंवा डावा हात भरून आला, डोळ्यांपुढे अंधारलं तर त्याच क्षणी सांगा. इथे कोणी पास-नापास होत नाही, दुखणं दडवून आणखी एक मिनिट काढण्यात काही मिळवायचं नसतं. पट्टा थांबल्यावरही काही मिनिटं ईसीजी चालू राहतो, कारण काहींच्या रेघेतला बदल तेव्हाच दिसतो.

रिपोर्टमध्ये किती मेट्सपर्यंत गेलात ते बघा. नुसतं बसलेलं असताना शरीर जेवढा प्राणवायू वापरतं तो एक मेट, आणि तिसरा टप्पा पुरा केला की साधारण दहा. तेवढं जमलं तर ती चांगली खूण आहे. पॉझिटिव्ह म्हणजे ब्लॉकेज पक्कं असं नाही, बायकांमध्ये तर खोटा पॉझिटिव्ह बऱ्यापैकी येतो. निगेटिव्ह आली तरी चालताना छाती भरून येणं थांबलं नसेल, तर रिपोर्ट घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा. आणि आराम करतानाही छातीत दुखून घाम फुटला, तर फाइल शोधत बसू नका, १०८ ला फोन लावा.