विक्री आणि विपणन विभागांचे जुळवायचे असेल, तर आधी ‘चौकशी’चा अर्थ ठरवा

दोन विभागांचे पटत नाही म्हणून सगळ्यांना लोणावळ्याला सहलीला नेण्याचा उपाय मी दोनदा पाहिला आहे आणि दोन्ही वेळा सोमवारी तेच भांडण पुन्हा सुरू झाले. विपणनवाले म्हणतात, आम्ही ढीगभर चौकशा, म्हणजे घेऊ शकणाऱ्यांची नावे, दिल्या. विक्रीवाले म्हणतात, त्यांत घेणारा एकही नव्हता. दोघेही खरे बोलत असतात, कारण ‘चौकशी’ या शब्दाचा अर्थ दोघांनी वेगवेगळा धरलेला असतो. माझी बरीच वर्षे सबमर्सिबल पंपांच्या धंद्यात गेली, म्हणून उदाहरण त्यातलेच देतो.

दोन्ही विभागप्रमुख आणि प्रत्यक्ष गावोगाव फिरणारा एक विक्री प्रतिनिधी अशा तिघांना एकत्र बसवा आणि कोणत्या नावाला ‘चौकशी’ म्हणायचे, हे त्यांना मिळून ठरवू द्या.

आता अवघड भाग. डिसेंबरात पुण्याजवळ मोशीला भरणाऱ्या किसान या शेती प्रदर्शनातून एका वर्षी मी वहीभर नावे गोळा केली आणि जशीच्या तशी विक्री विभागाकडे पाठवली. त्यांतल्या बहुतेकांना पंप राज्य सरकारच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतून हवा होता. तिथे शेतकरी १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीचा असल्यास ५ टक्के हिस्सा भरून यादीतला पुरवठादार निवडतो आणि आम्ही त्या यादीत नव्हतो. पहिल्या काही डझन फोनांनंतर विक्रीवाल्यांनी वही कपाटात टाकली आणि जे खरे गिऱ्हाईक होते तेही तिच्यातच राहिले. चूक माझी होती.

तेव्हापासून मी पाचच प्रश्न ठेवतो: बोअर झाले आहे का, खोली आणि व्यास किती, वीज सिंगल फेज की थ्री फेज, योजनेत अर्ज केला आहे का आणि पंप कधी बसवायचा आहे. उत्तरे नसतील तर ते नाव विपणनाकडेच राहील. विक्रीवाले सहावा प्रश्न म्हणून ‘बजेट किती’ घालायला सांगतील. तो घालू नका, कारण स्टॉलवर उभा असलेला शेतकरी त्याचे खरे उत्तर देत नाही आणि त्याने ते द्यावे तरी का?

याची दुसरी बाजू लोक विसरतात. मिळालेल्या प्रत्येक चौकशीचे काय झाले, हे विक्री विभागाने दोन दिवसांत लिहून परत कळवलेच पाहिजे. ‘रस नाही’ हा शेरा मी स्वीकारत नाही; बोअर कोरडे गेले, योजनेतून घेणार, दुसरीकडून घेतला असे नेमके कारण हवे. ‘फोन उचलला नाही’ हे कारणही वेगवेगळ्या वेळी तीनदा फोन केल्यावरच चालेल, कारण रात्री येणाऱ्या विजेवर पिकाला पाणी देऊन पहाटे झोपलेला माणूस सकाळी नऊला फोन घेणार नाही. ही कारणे परत आली नाहीत, तर विपणनवाले पुढच्या हंगामातही त्याच चुकीच्या जागी पैसे घालतील.

आठवड्यातून एकदा अर्धा तास फक्त नाकारलेल्या चौकशांवर बसा. विपणनाचा इन्सेंटिव्ह मिळालेल्या नावांवर न ठेवता विक्रीने स्वीकारलेल्या चौकशांवर ठेवा. आणि उन्हाळ्यात पंपांची मागणी चढते तेव्हा जाहिरात लिहिणाऱ्याला दोन दिवस डीलरच्या दुकानात बसवा. बाकी कशाचे नाही तरी माहितीपत्रकातला ‘अत्याधुनिक’ हा शब्द तो स्वतःहून काढून टाकतो.