छतावर असताना आलेला फोन हातचा जाऊ नये म्हणून

एप्रिल लागला की नागपुरात कूलर मिस्त्रीचा फोन थांबत नाही. नेमका तेव्हाच मिस्त्री कुणाच्या तरी खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर उभा असतो, एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात क्षार चढलेली जुनी खस. फोन उचलणार कसा? यावर बहुतेक जण सांगतात, व्हॉइसमेल लावून टाका, म्हणजे न उचललेल्या फोनचा निरोप कंपनीचं मशीन टिपून ठेवेल. हा सल्ला मला अजिबात पटत नाही. भर दुपारी ज्यांचा कूलर बंद पडलाय, ती माणसं मशीनपुढे बोलत बसत नाहीत. टूं वाजायच्या आत फोन ठेवतात आणि दुसऱ्या मिस्त्रीला लावतात. त्यांना माणसाचा आवाज हवा असतो, 'येतो' म्हणणारा.

म्हणून न उचललेला फोन घरातल्या माणसाकडे वळवायचा आणि लेखी निरोप त्याच्या मदतीला ठेवायचे. सिमवर व्हॉइसमेल असेल तर आधी कंपनीच्या मदत क्रमांकावर सांगून तो काढून घ्या. व्हॉइसमेल म्हणजेही कॉल फॉरवर्डिंगच, म्हणजे फोन दुसरीकडे वळवणंच असतं, फक्त फोन कंपनीच्या निरोपपेटीकडे जातो. एका वेळी एकच जागा ठरवता येते, पेटी किंवा घरचा नंबर.

आता फॉरवर्डिंग. बाकी सगळं दहा मिनिटांत होतं, पण इथे मी एक अख्खा नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, गमावला आहे. फोन ॲपच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग उघडलं की चार पर्याय दिसतात: नेहमी, फोन व्यस्त असताना, उचलला नाही तर, आणि संपर्काबाहेर असताना. मी घाईत पहिला दाबला आणि नंबर दिला लहान भावाच्या जुन्या सिमचा, जे बंद पडून होतं. 'नेहमी' लावलं की आपला फोन वाजतच नाही आणि मिस्ड कॉलची खूणही उमटत नाही. नऊ दिवस मला वाटत होतं, यंदा काम कमी आहे. शेवटी महाल भागातले एक जुने गिऱ्हाईक रस्त्यात भेटले आणि म्हणाले, "भाऊ, तुमचा फोन तर बंदच येऊन राहिला. काहून?" तेव्हा कळलं. त्या नऊ दिवसांत किती घरं उकाड्यात बसली असतील, हे आठवलं की अजून जीव तुटतो.

म्हणून 'नेहमी'ला हात लावू नका. उरलेल्या तिन्हींत घरच्या नंबराची नोंद करा. दोन सिम असतील तर आधी कोणतं सिम निवडलंय ते बघा, कारण सेटिंग प्रत्येक सिमचं वेगळं असतं. 'उचलला नाही तर'मध्ये वेळ विचारली तर वीस सेकंद ठेवा. तीसला माणूस कंटाळतो आणि दहा सेकंदांत हातमोजा काढून फोन बाहेर काढणं होत नाही. कॉल वेटिंग, म्हणजे एका फोनवर बोलताना दुसरा आत येऊ देणारी सोय, चालू असेल तर 'व्यस्त' आपोआप लागू होत नाही, दुसरा फोन तुमच्याच कानात टूं-टूं करत राहतो. हंगामात कॉल वेटिंग बंदच ठेवा. लाल बटण दाबून कापलेला फोनही 'व्यस्त' धरला जातो आणि घरी जातो. मला याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.

तपासणी तिसऱ्या फोनवरून करा. ज्या नंबराकडे फोन वळवलाय त्याच नंबरावरून लावून पाहिलं तर तो स्वतःच व्यस्त असतो, आणि जुळणी बरोबर असूनही चुकली असं वाटतं. एकदा फोन वाजू द्या, एकदा कापा, एकदा बंद करून बघा. तिन्ही वेळा घरी वाजला पाहिजे. गोंधळ झालाच तर ##००२# लावल्यावर बहुतेक सिमवर सगळं फॉरवर्डिंग पुसलं जातं, मग पहिल्यापासून सुरू करा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. कुणी अनोळखी माणूस 'कुरिअर आलंय, अमुक कोड लावा' म्हणाला तर लावू नका. तसल्या कोडने तुमचे फोन त्याच्याकडे वळतात, बँकेचा बोलून सांगितलेला ओटीपीसुद्धा. याच धोक्यामुळे दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून यूएसएसडीवरची, म्हणजे कोड लावून चालणारी, कॉल फॉरवर्डिंग सेवा थांबवायला कंपन्यांना सांगितलं होतं. फोन वळवायला कोडच्या मागे न लागता फोनच्या सेटिंगमधूनच करा, असं मी म्हणतो ते म्हणूनच.

घरी फोन उचलणाऱ्याला दुकानाचा फोन ओळखू येतोच असं नाही, कारण तिथे गिऱ्हाइकाचाच नंबर दिसतो. आमच्याकडे हंगामात प्रत्येक अनोळखी फोन 'कूलर दुरुस्ती' म्हणूनच उचलतात, आणि मोहल्ला, मजला, बिघाड लगेच वहीत लिहितात. वही हवीच, कारण फोन संपर्काबाहेर असताना आलेल्या कॉलचा माग आपल्या फोनवर राहत नाही.

ज्यांना फोन कापून एसएमएस करायचा असेल त्यांनी अक्षरं मोजावीत. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० खुणा मावतात, देवनागरी आली की फक्त ७०, आणि काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. माझा निरोप हा आहे: 'छतावर आहे. पत्ता व बिघाड व्हॉइस मेसेजवर पाठवा. ७ नंतर फोन करतो.' यात ६३ भरतात. फोनच्या झटपट उत्तरांत तो साठवून ठेवा.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये 'अवे मेसेज', म्हणजे आपण नसताना आपोआप जाणारा निरोप, लावणं सोपं आहे. मात्र त्यासाठी फोनवर इंटरनेट चालू लागतं, आणि तो फक्त व्हॉट्सॲपवर लिहिणाऱ्याला जातो, साधा फोन करणाऱ्याला नाही. त्यात लिहा की बोलूनच सांगा. आजीबाई टाइप करत नाहीत, पण माइकचं बटण दाबून "बाप्पा, पंप घरघर करून राहिला, पाणी वर चढतच नाही" एवढं बरोबर सांगतात. तेवढ्यावरून मी नवा पंप सोबत घेऊन निघतो आणि मानेवाड्याची दुसरी चक्कर वाचते.

जूनच्या मध्यावर, पाऊस लागला की, तिन्ही पर्याय बंद करून टाका. वळवलेल्या फोनचा पुढचा कॉल आपल्याच खात्यावर धरला जातो, आणि घरच्यांनाही आता फोन खाली ठेवून जेवू द्यायला हवं.