शेजारी डेटा सेंटर येतंय? गाळेवाल्याने काम कसं मिळवावं आणि पैसे कसे सोडवावेत

साकीनाक्याला माझा केबल ट्रेचा, म्हणजे विजेच्या केबल ज्यावर टाकतात त्या पत्र्याच्या लांब पट्ट्यांचा, गाळा आहे. कटिंग, पंचिंग, बेंडिंग, वेल्डिंग आमच्याकडे. पावडर कोटिंग गल्लीतच होतं, गॅल्वनाइझिंगला माल तळोज्याला जातो. इथे चांदिवली-पवईत आणि खाडीपलीकडे ऐरोली, रबाळे, महाप्याला जुना कारखाना पाडून भोवती पत्रे ठोकले की हल्ली पहिला अंदाज डेटा सेंटरचाच, म्हणजे कंपन्यांचे सर्व्हर चोवीस तास चालतात त्या इमारतीचाच असतो. मग गल्लीतले गाळेवाले, टेम्पोवाले, डबे देणाऱ्या वहिनी, सगळ्यांचा प्रश्न एकच: यात आपल्या वाट्याला काय? वाट्याला येतं, पण मुख्यतः बांधकामाच्या दीड-दोन वर्षांत, आणि ज्याने पायाभरणीच्या आधी हालचाल केली त्यालाच. ही हालचाल कशी करायची ते लिहितो.

आधी मोठ्या आकड्यांचं बघू. मुंबईतच एवढी गर्दी का, तर समुद्राखालून येणाऱ्या केबल वर्सोव्यासारख्या किनाऱ्यांवर चढतात, बँका आणि शेअर बाजार इथे आहेत, आणि पेमेंटची माहिती भारतातच साठवा असं रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बजावलं. त्यामुळे गुंतवणुकीच्या घोषणा होत राहणार. जानेवारी २०२५ मध्ये ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने महाराष्ट्रात ८.३ अब्ज डॉलर घालणार असं जाहीर केलं, तेव्हा ८१,३०० नोकऱ्यांचा आकडा व्हॉट्सॲपवर फिरत होता. तो नीट वाचला तर पुरवठा साखळीतल्या, २०३० पर्यंत दरवर्षी आधार मिळणाऱ्या पूर्णवेळ नोकऱ्या असा तो अंदाज आहे. म्हणजे माझा वेल्डर, ट्रेलरचा ड्रायव्हर, सिमेंटवाला, सगळे त्यात आले. इमारतीत रोज पंच करून जाणारी माणसं वेगळी. सेंटर विजेच्या भारावर मोजतात; वीसेक मेगावॉटच्या सेंटरमध्ये तीन पाळ्या धरून शे-दीडशे माणसं दिसली तरी पुष्कळ, आणि त्यातलेही बरेच सिक्युरिटी आणि हाउसकीपिंगचे.

खर्चाचं म्हणाल तर सर्व्हर सोडून मेगावॉटमागे ६० ते ७० कोटी हा उद्योगात चालणारा अंदाज आहे. वीस मेगावॉटचे झाले १,२०० ते १,४०० कोटी. पण जनरेटर, यूपीएस, चिलर, ट्रान्सफॉर्मर यांची ऑर्डर मुख्य कार्यालयातून थेट मोठ्या ब्रँडला जाते, त्यात आपण नाही. आपला हिस्सा म्हणजे ट्रे, सपोर्ट, अर्थिंगच्या पट्ट्या, लोखंडी जिने, प्लॅटफॉर्म, फायर सीलिंग (केबलसाठी पाडलेली भोकं आग रोखणाऱ्या मसाल्याने बुजवणं), रंगकाम, मजूर, वाहतूक, जेवण. शेकड्यात हा तुकडा लहान वाटतो, गाळ्याच्या मानाने तो प्रचंड असतो. सेंटर सुरू झालं की खर्चाचा मोठा भाग लाइट बिलात जातो. एक मेगावॉट वर्षभर सलग चाललं की ८७ लाख ६० हजार युनिट होतात. ते पैसे वीज कंपनीकडे जातात, नाक्यावर येत नाहीत.

खबर आधी कुठे लागते

पेपरात बातमी येईपर्यंत कामाची अर्धी वाटणी झालेली असते. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि त्याचे कागद केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर असतात. अशा बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणी नसते, म्हणून हे कागद कुणी उघडतच नाही. तुम्ही उघडा. त्यात पाण्याची गरज, विजेचा जोडभार, जनरेटर किती आणि किती केव्हीएचे, सगळं येतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातही गुंतवणूक आणि जनरेटर लिहिलेले असतात. मी सगळ्यात आधी जनरेटरचा आकडा बघतो. जितके जनरेटर तितके पॅनेल, जितके पॅनेल तितकी केबल, आणि केबल आली की ट्रे आलीच. पोर्टल शोधायला कंटाळा येत असेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा, तासाभराचं काम आहे.

दुसरी जागा साइटचं फाटक. तिथल्या बोर्डावर आर्किटेक्ट, सल्लागार आणि ठेकेदार यांची नावं असतात. फोटो काढून ठेवा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा काढा, कारण इलेक्ट्रिकलचं नाव बहुधा नंतर चढतं.

भेटायचं कुणाला

मालक कंपनीच्या ऑफिसात चकरा मारू नका. तिथे तुम्हाला पाणी विचारतील, काम देणार नाहीत. मालकाच्या खाली प्रकल्प सल्लागार, त्याच्या खाली मुख्य ठेकेदार, त्याच्या खाली एमईपीवाला, म्हणजे वीज-एसी-प्लंबिंगचं काम घेणारा. आपल्याला हवा तो हा एमईपीवाला. त्याचा खरेदी विभाग, आणि त्याहून जास्त साइटवरचा प्लॅनिंग इंजिनिअर.

खरेदीवाला ‘मेक लिस्ट’, म्हणजे मान्य ब्रँडची यादी, पुढे करेल. त्या यादीत मोठ्या कंपन्या असतात, तुमचं-माझं नाव नसतं. तरी आत शिरायला दोन दारं आहेत. एक, यादीतल्या कंपनीसाठीच जॉबवर्क करायचं. दर कमी बसतो, पण काम सलग मिळतं आणि तपासणीची सवय होते. दुसरं दार मला जास्त आवडतं: वेडेवाकडे पीस. नकाशात सरळ जाणारी ट्रे जागेवर स्प्रिंकलरच्या पाइपला धडकते, बीम दोन इंच खाली निघतो, डक्ट आडवा येतो. मग बेंड, रिड्युसर, ऑफसेट, खास सपोर्ट लागतात आणि ते उद्या सकाळी लागतात. परराज्यातला कारखाना त्याला पंधरा दिवस घेतो. आपण संध्याकाळी माप घेऊन रात्री पीस काढतो, आणि अवजड गाड्यांच्या बंदीची वेळ असो-नसो, छोटा टेम्पो गेटवर उभा असतो. प्लॅनिंग इंजिनिअरचा असा एक अडकलेला दिवस सोडवला की पुढच्या साइटवरूनही त्याचाच फोन येतो. या जवळपणाचे पैसे लावा. मोठ्या कंपनीच्या किलोच्या दराशी झुंजायला जाऊ नका. तातडीचा दर वेगळा, हे पहिल्याच कोटेशनमध्ये लिहा.

माल कसा हवा

बिल्डिंगच्या कामाला जो माल चालतो तो इथे परत येतो. झिंकचं इलेक्ट्रोप्लेटिंग केलेल्या पत्र्यावर काळाने केसासारखे बारीक धातूचे तंतू उगवतात. ते हवेत उडून सर्व्हरच्या कार्डावर बसले की शॉर्ट होतं. म्हणून सर्व्हर हॉलमध्ये प्लेटिंगचे नट-बोल्टसुद्धा काही ठिकाणी चालत नाहीत. हॉट डिप (वितळलेल्या जस्तात बुडवलेला माल), पावडर कोटिंग किंवा स्टेनलेस मागतात. ऑर्डर घेण्याआधी स्पेसिफिकेशनचं ते पान मागून घ्या आणि बोल्टपर्यंत वाचा.

तपासणीवाला आला की जाडीचा मीटर पत्र्याच्या मधोमध लावत नाही, वेल्डच्या बगलेत आणि कोपऱ्यात लावतो, कारण कोटिंग कमी पडलं तर तिथेच पडतं. मग तो खिशातून मऊ फडकं काढतो आणि पंच केलेल्या भोकांवरून आणि कडेवरून हलकेच ओढत नेतो. एक धागा जरी अडकला तरी ती लॉट बाजूला. कडेला राहिलेल्या त्या बारीक धारदार टोकांवर (‘बर’) केबल ओढली की तिची साल निघते, आणि ओढून झाल्यावर ते कुणाला दिसत नाही. आमच्याकडे हे फडकं आता गाळ्यातच फिरतं, माल टेम्पोत चढण्याआधी. आणि हॉलमध्ये ग्राइंडर लावायची परवानगी मिळेल या भरवशावर राहू नका. धूळ हा तिथला शत्रू आहे. कापायचं, घासायचं ते सगळं बाहेर.

कागद

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. ती फुकट आहे. पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. माणसं साइटवर जाणार असतील तर पीएफ आणि ईएसआयची चलानं, विमा, मेडिकल, उंचीवर काम करण्याचं ट्रेनिंग, सगळं गेटवर बघतात. एक कागद कमी असला की चार माणसांची दिवसभराची हजेरी अंगावर पडते. वेल्डिंगला रोजचं हॉट वर्क परमिट (ठिणगी उडणाऱ्या कामाची परवानगी) लागतं आणि ते सकाळच्या टूलबॉक्स टॉकनंतरच, म्हणजे सुरक्षेच्या सूचना ऐकल्यावरच, मिळतं. तो वेळ दरात धरा.

पैसे

काम मिळवणं सोपं म्हणावं इतकं पैसे सोडवणं अवघड आहे. एका ठेकेदाराने माझं शेवटचं बिल ‘क्लायंटकडून आले की देतो’ या एका वाक्यावर वर्षभर लोंबकळत ठेवलं होतं. या धंद्यात त्याला बॅक-टू-बॅक म्हणतात. मालकाने थकवलं तर ठेकेदार थकवणार, आणि साखळीच्या शेवटी तुम्ही. पीओमध्ये, म्हणजे खरेदीच्या लेखी ऑर्डरमध्ये, हे कलम दिसलं तर खोडायला सांगा. खोडत नसतील तर निदान शेजारी तारखेची मर्यादा लिहून घ्या.

कायदा आपल्या बाजूने आहे, पण त्याला कागद लागतो. सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचा माल घेतला की २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे पैसे लेखी कराराच्या मुदतीत द्यायचे, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा लांब ठेवता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. चुकवलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकरात बदल झाला आहे. अशी थकबाकी मुदतीत दिली नाही आणि मार्चअखेरपर्यंतही फेडली नाही तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा दाखवता येत नाही. तेव्हापासून मार्च आला की हीच मंडळी गोड आवाजात फोन करून उद्यमचं सर्टिफिकेट मागतात. ते मागण्याची वाट बघू नका. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा.

दोन गोष्टी इथे सांभाळा. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला या उशिरा-पेमेंटच्या तरतुदीचा आधार मिळत नाही, म्हणून माल स्वतः बनवता हे नोंदणीत दिसलं पाहिजे. आणि ‘पुरवठा व उभारणी’ असं एकत्र कामाचं कंत्राट असेल तर हा कायदा त्याला लागतो का यावर कोर्टात वाद झालेले आहेत. मी मालाची पीओ वेगळी आणि बसवण्याची वेगळी मागतो. बहुतेक वेळा देतात, त्यांना काही फरक पडत नाही.

माल पोचवल्याच्या चलानवर साइटच्या स्टोअरचा शिक्का, तारीख आणि नाव घेतल्याशिवाय टेम्पो हलवू नका; ४५ दिवसांचं घड्याळ त्या शिक्क्यावरून सिद्ध करायचं असतं. रिटेन्शनचे, म्हणजे हमी म्हणून बिलातून राखून ठेवलेले, पाच-दहा टक्के वर्षभर अडकणार हे धरूनच दर काढा, आणि ते सोडवायची तारीख तुमच्याच कॅलेंडरवर लिहा, कारण तोवर साइटवरचा इंजिनिअर नोकरी बदलून गेलेला असतो. ठेकेदार मोठा असेल तर बिल ट्रेड्सवर (बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणारी ऑनलाइन व्यवस्था) चढवता येतं का विचारा; त्याने ते मान्य केलं की बँक थोडी कपात करून लगेच पैसे देते. गाळ्याचं भाडं आणि पत्र्याची उधारी बघता ती कपात मला परवडते.

बाकीच्यांनी काय करावं

डबे देणाऱ्यांनी मजुरांवर हिशोब बांधू नये. बिहार-बंगालची पोरं एकत्र राहतात आणि स्वतः रांधतात. डबा घेतात ते सुपरवायझर, इंजिनिअर, सेफ्टीवाले, आणि रात्रीच्या काँक्रीटच्या दिवशी त्यांना उशिराचं जेवण लागतं. आमच्या शेजारच्या वहिनींनी तेवढंच धरलं आणि महिन्याचा चेक थेट ठेकेदाराकडून घेतला. खोली भाड्याने देणाऱ्यांनी दोन वर्षांच्या भाड्यावर कर्ज काढून माळा चढवू नये, काम संपलं की भाडेकरू दुसऱ्या साइटवर.

पोरांच्या नोकरीचं म्हणाल तर कुर्ला किंवा मुलुंडच्या आयटीआयला इलेक्ट्रिशियन नाहीतर रेफ्रिजरेशन-एसी करा, सोबत सरकारी वायरमन परवाना काढा. सेंटर चालू झाल्यावर चोवीस तास लागतात ते हेच लोक. बांधकाम चालू असतानाच ठेकेदाराकडे अप्रेंटिस म्हणून शिरलेल्या पोराला इमारतीतली प्रत्येक केबल कुठून कुठे जाते ते माहीत असतं, आणि चालवणारी कंपनी हँडओव्हरच्या वेळी अशा माणसाला सोडत नाही.

गाळेवाल्यांसाठी हँडओव्हरनंतर उरतात ती वार्षिक देखभालीची छोटी कामं: फिल्टर धुणं, अग्निशामक भरणं, उंदीर-घुशींचा बंदोबस्त (केबल कुरतडतात, म्हणून याला इथे फार मान आहे), नवा ग्राहक आला की रॅकच्या वरची वाढीव ट्रे. ही कामं फॅसिलिटी मॅनेजर देतो आणि तो हँडओव्हरच्या महिनाभर आधी साइटवर येऊन बसतो. त्याला त्याच महिन्यात भेटा.

आणि भंगार. जुने सर्व्हर आणि बॅटऱ्यांच्या मागे लागू नका. त्या नोंदणीकृत रीसायकलरकडेच जाव्या लागतात, कुर्ल्याच्या आपल्या माणसाला त्यात हात घालता येत नाही. पण जनरेटर-चिलरच्या पॅकिंगचं प्लायवूड, पाइनच्या फळ्या आणि केबलचे लाकडी ड्रम ट्रकच्या ट्रक निघतात आणि साइटला ते लवकर हलवलेले हवे असतात. स्टोअर इंचार्जकडे लेखी अर्ज द्या, दर नगावर ठरवा, प्रत्येक फेरीला गेटपास आणि पावती घ्या. ड्रमवर पुरवठादाराचा ‘परत करायचा’ असा शिक्का आहे का तेवढं आधी बघा, नाहीतर गाडी भरल्यावर गेटवरच उतरवावी लागेल.