गोलबॉलचं पहिलं सत्र घेताय? आधी हॉलची शांतता तपासा

गोलबॉल हा अंधांचा सांघिक खेळ: घुंगरांचा चेंडू समोरच्या गोलकडे घरंगळत फेकायचा, आणि समोरच्या तिघांनी तो नुसत्या आवाजावरून झेपावून अडवायचा. राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाचे १२० तास भरायचे आहेत म्हणून अंध मुलामुलींसाठी ‘एक दिवसाचा कार्यक्रम’ ठरवत असाल, तर कृपया करू नका. महिनाभर दर शनिवारी दोन तास देता येणार असतील तरच गोलबॉलला हात घाला. एवढं जमलं, तर यासारखा खेळ नाही. सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी असल्यामुळे डोळस विद्यार्थीही त्याच संघात खेळू शकतात, आणि बहुतेक वेळा हरतात. ते हरणं फार गरजेचं आहे. नुसती पट्टी बांधून चालायला लावलं की मुलं घाबरतात आणि कीव घेऊन घरी जातात.

मैदानाची काळजी नको. गोलबॉलचं मैदान १८ बाय ९ मीटर, म्हणजे नेमकं व्हॉलीबॉलचंच. व्हॉलीबॉलची मधल्या रेषेपासून तीन मीटरवरची रेषा इथे गोलपासून सहा मीटरवर येते, तीही वापरता येते. प्रत्येक बाजूला गोलरेषेपासून तीन मीटरवर एक रेषा तेवढी नवी आखायची. खेळाडूंना रेषा बोटांनी आणि पायांनी कळली पाहिजे, म्हणून ३ मिलिमीटर जाडीची दोरी ताणून धरायची आणि वरून ५ सेंटिमीटर रुंद चिकटपट्टी दाबायची. सुरुवातीला दोन्ही संघांचे तीन मीटरचे पट्टे चारही बाजूंनी आखले तरी पुरे. त्याला ४८ मीटर दोरी लागते, ६० आणा. तागाची सुतळी नको, घसरताना कातडी सोलते.

आता खरा सापळा. तयारी सगळी चोख असते, आणि खेळ सुरू झाला की चेंडू डावीकडून येतो, खेळाडू उजवीकडे झेपावतो. लोक म्हणतात, सराव नाही. बहुतेक वेळा दोष हॉलचा असतो. दिशा कळते ती घुंगरांचा आवाज दोन कानांवर किंचित वेगळ्या वेळी आणि कमीजास्त जोराने पडतो म्हणून. पत्र्याचं छप्पर आणि उघड्या भिंती तोच आवाज पुन्हा भलतीकडून आणून टाकतात. वर पंखे चालू. जुलैत पत्र्यावर पाऊस पडायला लागला की खेळ संपलाच. म्हणून तारीख ठरवण्याआधी, रिकाम्या हॉलमध्ये नव्हे, सत्राच्याच वेळी जाऊन तपासा. एकाने गोलरेषेवर डोळे मिटून उभं राहायचं, दुसऱ्याने समोरून दहा वेळा चेंडू घरंगळत सोडायचा, पहिल्याने बोट दाखवायचं. आधी पंखे चालू ठेवून, मग बंद करून. पंखे बंद असतानाही दोन-तीनदा बोट चुकलं, तर भिंतींना जिम्नॅस्टिकच्या गाद्या टेकवून पुन्हा पाहा. तरीही चुकलं, तर हॉल बदला. प्राचार्य रागावले तरी बदला. टाळ्या फक्त शिट्टीनंतर, पाहुण्यांचं भाषण खेळ संपल्यावर, फोन बाहेर.

चेंडू खरा घ्या: सव्वा किलोचा, आठ भोकांचा, जवळजवळ न उसळणारा. आवाज यावा म्हणून बास्केटबॉल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळण्याची युक्ती पहिल्या दिवशी चालते. पण तो उसळतो आणि वजनाने निम्माच असतो, त्यामुळे महिनाभर त्याच्यावर शिकलेला बचाव खऱ्या चेंडूसमोर कोलमडतो. रुमालाची पट्टी सरकते. पोहण्याचे गॉगल काळ्या चिकटपट्टीने बंद करा आणि अंशतः दिसणाऱ्यांनाही घालायला लावा. गुडघे-कोपरांची पॅडं सहा जोड, मुलग्यांना जांघेचं गार्ड. गोलच्या जागी बाक आडवे टाकू नका, घसरणारा खेळाडू त्यावर आदळतो. शेवटची रेषाच गोल माना आणि मागे दोन स्वयंसेवक उभे करा.

मार्गदर्शक म्हणून मोठं नाव शोधत बसू नका. आधी खेळलेला एखादा अंध विद्यार्थी सापडला तर तोच तुमचा प्रशिक्षक, आणि त्याला मानधन द्या. अंध खेळाडूंना हॉलमध्ये आणताना कुणाचा हात धरून ओढायचं नाही, त्यांनी तुमचा कोपर धरायचा. आधी पुठ्ठ्यावर दोरी चिकटवून केलेला नकाशा हातात द्या, मग रेषेवरून चालवा.

व्हीलचेअरवरचे विद्यार्थी आले तर बोचिया घ्या (बसून आपले चेंडू पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ टाकण्याचा खेळ), मैदान १२.५ बाय ६ मीटर. पण दोन्ही खेळ एका वेळी एका हॉलमध्ये नकोत, बोचियातल्या बोलण्याने गोलबॉल बुडतो.

पहिले दोन शनिवार गोंधळाचे जातील. घाबरू नका, तिसऱ्याला बोटं बरोबर दिशेला जायला लागतात. चिकटपट्टी मात्र त्याच संध्याकाळी काढा. राहिली तर गोंद फरशीला धरतो आणि पुढच्या शनिवारी हॉल मिळत नाही.